विंडोजवरून लिनक्सवर: घरच्या स्टुडिओचं बिऱ्हाड हलवताना

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले आणि त्याच महिन्यात ओळखीच्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: "लॅपटॉप तर अजून धडधाकट आहे, आता काय करायचं?" तिघेही घरीच गाणी रेकॉर्ड करणारे. त्यातल्या एकाकडे सातव्या पिढीचा आय-फाइव्ह आणि १६ जीबी रॅम आहे. अभंगाचे वीस-बावीस ट्रॅक तो लॅपटॉप सहज वाजवतो. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर जवळजवळ सगळीकडे आठव्या पिढीपासून पुढचाच. म्हणजे चालतं यंत्र भंगारात काढा, नाहीतर त्यावर दुसरी कार्यप्रणाली टाका.

मी दुसरा रस्ता धरला. माझी खोली दहा बाय अकराची. पेटी, तबला, गायन, कधी बासरी, क्वचित गिटार, एवढंच तिथे रेकॉर्ड होतं. वर्षभराहून अधिक काळ हे सगळं काम लिनक्स या मोफत कार्यप्रणालीवर चाललंय. ज्याने लिनक्स कधी उघडूनही पाहिलं नाही, पण ज्याला विंडोजवर रेकॉर्डिंग करता येतं, त्याच्यासाठी हा लेख आहे. मी ज्या क्रमाने सांगतोय तो क्रम पाळा. बहुतेकांचं नुकसान लिनक्समुळे होत नाही, घाईने उलटसुलट केल्यामुळे होतं.

आधी ठरवा, हलायचं की नाही

काहींनी हलू नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. तुमच्याकडे दुसऱ्या स्टुडिओंतून क्यूबेस किंवा प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचे अख्खे प्रोजेक्ट येत असतील, तर ती सॉफ्टवेअर लिनक्सवर नाहीत. तुमच्या संगीताचा सगळा डोलारा कॉन्टॅक्टच्या, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या, मोठमोठ्या लायब्रऱ्यांवर उभा असेल, किंवा महागडी प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) आयलॉक या परवाना-यंत्रणेवर चालत असतील, तर लिनक्सवर त्यांच्याशी झटापट करण्यात आठवडे जातील. अशांनी विंडोज ११ चं मशीन किंवा मॅक घ्यावा. तरी खाली सामान बांधण्याविषयी लिहिलंय ते जरूर वाचा, कारण तेवढा भाग कुठेही गेलात तरी तोच आहे.

ज्यांचं काम मुख्यतः माइकसमोर होतं, म्हणजे गायन, वाद्यं, कवितावाचन, भजनं, त्यांना लिनक्स फार चांगलं मानवतं. माइकमधून आलेला आवाज वेव फाइलच असतो, मग कार्यप्रणाली कोणतीही असो.

मुहूर्तही बघा. गणपतीच्या आधीचा महिना आरत्यांचा, आषाढीच्या आधीचे दिवस अभंगांचे. कुणाचं काम अर्धवट हातात असताना हा उद्योग काढू नका. किमान पंधरा दिवस मोकळे हवेत. घरगुती वापरासाठी विंडोज १० ला जे वाढीव सुरक्षा अपडेट दिले जातायत त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यामुळे त्यासाठी नाव नोंदवलं असेल तर तोवर घाई नाही.

यादी

एक वही घ्या. पहिल्या पानावर वस्तू लिहा: साउंड कार्ड, मिडी कीबोर्ड, माइक, पेडल, जे जे यूएसबीला लागतं ते सगळं, मॉडेल नंबरासकट. दुसऱ्या पानावर प्लगइन लिहायची, पण संगणकात टाकलेली सगळी उतरवत बसू नका. शेवटची दहा गाणी उघडा आणि त्यांत प्रत्यक्ष लावलेली तेवढीच लिहा. माझ्याकडे दीडशेच्या आसपास प्लगइन होती. दहा गाण्यांत मिळून वापरलेली निघाली एकोणीस. त्या एकोणिसांसाठीच पर्याय शोधायचा होता. यादी करेपर्यंत जे ओझं डोंगराएवढं वाटत होतं, ते एका पानात मावलं.

तिसऱ्या पानावर परवाने. कोणत्या प्लगइनचा अनुक्रमांक कुठे आहे, कोणत्या ईमेलवर घेतलंय, किती संगणकांवर चालतं. हे पान पुढे फार कामाला येतं.

सामान बांधणं

हा सगळ्यात मोठा भाग. इथे कंटाळा केला तर पुढे रडायची वेळ येते, हे मी अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना मी फक्त प्रोजेक्टचं फोल्डर उचललं. त्यात एका आजींचा आवाज होता. ओव्या. त्या आता हयात नाहीत. नव्या संगणकावर प्रोजेक्ट उघडला तेव्हा ट्रॅक दिसत होते, नावं दिसत होती, पण सहा ट्रॅक रिकामे, कारण त्या दिवशीचं रेकॉर्डिंग दुसऱ्याच ड्राइव्हवर झालं होतं आणि ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. जुनी डिस्क अजून पुसली नव्हती म्हणून ओव्या वाचल्या. त्यांच्या आवाजावर जे प्रतिध्वनीचं प्लगइन लावलं होतं ते मात्र गेलं ते गेलंच. ते बनवणाऱ्यांनी परवाने देणंच बंद केलं होतं आणि नव्या संगणकावर ते सुरूच होईना. ओव्यांना जो ओलावा होता तो मला पुन्हा जसाच्या तसा आणता आलेला नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक गाणं तीन प्रकारे बांधतो.

पहिलं, मूळ प्रोजेक्ट, सगळ्या ऑडिओ फाइली एकाच फोल्डरात ओढून. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये 'सेव्ह प्रोजेक्ट अ‍ॅज' करताना सगळं मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करायची खूण मिळते, ती करा. इतर सॉफ्टवेअरमध्येही अशी सोय वेगळ्या नावाने असते.

दुसरं, कोरे स्टेम. प्रत्येक ट्रॅक कोणत्याही प्लगइनशिवाय, गाण्याच्या अगदी शून्यापासून शेवटपर्यंत, एकेक वेव फाइल. पेटी दुसऱ्या कडव्यात येत असली तरी तिची फाइल शून्यापासूनच सुरू व्हायला हवी. म्हणजे दहा वर्षांनी, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये, सगळ्या फाइली पहिल्या ओळीला टेकवून ठेवल्या की गाणं जुळलेलं मिळतं.

तिसरं, ओले स्टेम. तेच ट्रॅक, पण ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब सगळं लावून. उद्या एखादं प्लगइन मिळालं नाही, तरी त्याने घडवलेला आवाज हातात राहतो. आजींच्या ओव्यांचे ओले स्टेम मी काढून ठेवले असते तर आज ती हळहळ नसती.

प्रोजेक्ट ज्या सॅम्पल रेटचा असेल त्याच रेटने आणि २४ बिटने फाइली काढा. जागेचा अंदाज हवा असेल तर ४८ किलोहर्ट्झला, २४ बिटमध्ये, एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी लागतात. सहा मिनिटांचा अभंग आणि चौदा मोनो ट्रॅक असतील तर कोऱ्या स्टेमना सव्वासातशे एमबी लागतील. पन्नास गाणी दोन्ही प्रकारे काढली तरी शंभर जीबीच्या आत बसतात. आजच्या डिस्कांसाठी ही काहीच जागा नाही.

मिडी ट्रॅक (आवाज नव्हे, कोणता स्वर कधी वाजवला याची नोंद) असतील तर मिडी फाइल वेगळी काढा आणि त्याचा वाजलेला ऑडिओही काढा.

याशिवाय प्रत्येक गाण्याच्या फोल्डरात एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. गाण्याची पट्टी (काळी एक, पांढरी चार, जी असेल ती), लय, ताल, क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) रेकॉर्ड झालंय की मोकळ्या लयीत, कोण गायलं, कोणता माइक, कोणत्या तारखेला. तानपुऱ्याची फाइल कोणत्या पट्टीची ते फार महत्त्वाचं. मिरजेच्या तंबोऱ्याची मी जपून ठेवलेली एक फाइल आहे. ती काळी एकची की पांढरी दोनची याची नोंद नव्हती, कारण मध्ये कधीतरी तिचा स्वर वर केलेला होता. कानाला कळतं, पण शंका राहते.

आता तपासणी. बांधलेलं सामान उघडून न बघता जुनं घर सोडायचं नाही. मूळ प्रोजेक्टमध्ये मास्टरवरची सगळी प्लगइन बंद करून पूर्ण मिक्सची एक फाइल काढा. मग कोरा प्रोजेक्ट उघडा, त्यात सगळे ओले स्टेम टाका, फेडर शून्यावर ठेवा, ती मिक्सची फाइलही टाका आणि फक्त तिचा फेज उलटा करा (म्हणजे आवाजाची लाट उलटी). सगळं एकदम वाजवलं की शांतता ऐकू आली पाहिजे. एकमेकांना छेद जाऊन काहीच उरत नाही. रिव्हर्ब किंवा कोरसची किंचित सळसळ उरली तर चालेल, ती दर वेळी थोडी वेगळी निघते. पण पेटी किंवा तबला स्पष्ट ऐकू आला तर समजा तो ट्रॅक स्टेममध्ये यायचा राहिलाय, किंवा चुकीच्या पातळीवर निघालाय. पाच मिनिटांची ही चाचणी मला तीनदा वाचवून गेलीय.

फाइलींच्या नावांबाबत एक खाचखळगा. विंडोजला रोमन मोठी आणि छोटी अक्षरं सारखीच. लिनक्सला ती वेगळी. प्रोजेक्टमध्ये 'तबला'चं पहिलं रोमन अक्षर मोठं असेल आणि फाइलीत छोटं असेल, तर विंडोज काही बोलत नाही, लिनक्स मात्र फाइल सापडत नाही म्हणतं. सगळी नावं आत्ताच छोट्या अक्षरांत करून घ्या, आणि ते मूळ सॉफ्टवेअरच्या आतून करा, नाहीतर प्रोजेक्टला नवं नाव कळणार नाही. देवनागरी नावं लिनक्सला उत्तम कळतात, पण झिप करून इकडून तिकडे जाताना कधीकधी अक्षरांच्या जागी नुसते चौकोनी डबे दिसतात. म्हणून कामाच्या फाइली रोमनमध्ये ठेवाव्यात असं माझं मत आहे.

हे सगळं दोन वेगळ्या डिस्कांवर उतरवा. एक तुमच्या घरी, दुसरी भावाकडे, बहिणीकडे, कुठेही, पण दुसऱ्या छपराखाली.

पेनड्राइव्हवर राहून बघा

लिनक्सची फार चांगली गोष्ट म्हणजे घर घ्यायच्या आधी चार दिवस राहून बघता येतं. १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, उबुंटू स्टुडिओ या लिनक्सच्या अवताराची इमेज (पूर्ण सिस्टिमची एकच फाइल) उतरवून घ्या आणि रुफस किंवा बलेना एचर वापरून ती पेनड्राइव्हवर चढवा. संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला की आतल्या डिस्कला हात न लावता पूर्ण लिनक्स चालतं.

लिनक्सचे शेकडो अवतार आहेत आणि नवा माणूस तिथेच गोंधळतो. मी उबुंटू स्टुडिओ सुचवतो. ते २००७ पासून चालू आहे, आवाजाच्या कामासाठी ज्या गोष्टी हाताने कराव्या लागतात त्यातल्या बऱ्याच तिथे करून मिळतात, आणि आर्डरसारखं पूर्ण रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर सोबतच येतं. त्यातही एलटीएस म्हणतात ती आवृत्ती घ्या. ती दर दोन वर्षांनी, सम सालाच्या एप्रिलमध्ये निघते आणि तिला तीन वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्या नऊच महिने टिकतात. स्टुडिओला दर नऊ महिन्यांनी रंग देत बसायचं नसतं.

पेनड्राइव्हवरून सुरू झालात की साउंड कार्ड लावा. बहुतेक यूएसबी साउंड कार्डं 'क्लास कम्प्लायंट' असतात, म्हणजे यूएसबीच्या ठरलेल्या भाषेत बोलतात आणि त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आधीच अंदाज घ्यायचा तर तेच कार्ड ओटीजी केबलने फोनला किंवा आयपॅडला लावून बघा. तिथे काही न टाकता चाललं तर लिनक्सवर चालायची शक्यता फार मोठी.

फोकसराइट स्कार्लेट आपल्याकडे अनेकांकडे असते. ती लिनक्सवर छान चालते. तिच्या आतल्या मिक्सरचा आधार थेट लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आहे, आणि जेफ्री बेनेट यांनी त्यासाठी खिडकीवालं एक मोफत सॉफ्टवेअरही लिहिलंय. तिसऱ्या पिढीची नवीकोरी स्कार्लेट असेल आणि पहिल्यांदाच लावताय, तर ती स्वतःला पेनड्राइव्हसारखी दाखवत राहते. ४८ व्होल्टचं बटण दाबून धरून केबल लावली की ती सवय सुटते.

आता एक खरी चाचणी घ्या. आर्डर उघडा, एक माइक लावा, दोन मिनिटं पेटी वाजवा आणि ऐका. मिडी कीबोर्ड लावून बघा. वायफाय चालतंय का, पडद्याचा उजेड कमी होतो का, लॅपटॉप झोपून उठल्यावर साउंड कार्ड पुन्हा जागं होतं का. गुणगुण ऐकू आली तर लगेच लिनक्सला दोष देऊ नका. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि पुन्हा ऐका. आपल्याकडे बऱ्याचदा अर्थिंग नीट नसतं आणि गुणगुण तिथून येते.

ही चाचणी नापास झाली तर फक्त एक संध्याकाळ गेली. संगणक जसा होता तसाच आहे.

प्रत्यक्ष मुक्काम

विंडोज पुसू नका. शक्य असेल तर नवी एसएसडी घ्या, जुनी काढून बाजूला ठेवा आणि नवीवर लिनक्स टाका. काही अडलं तर दोन स्क्रू फिरवून जुनं घर परत. डेस्कटॉप असेल तर दोन्ही डिस्का आत राहू शकतात.

एकाच डिस्कवर दोन्ही ठेवणार असाल तर तीन गोष्टी आधी करा. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला ती डिस्क फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा. आणि वहीचं तिसरं पान काढा: ज्या प्लगइनचे परवाने संगणकाला बांधलेले आहेत ते जुन्या विंडोजमधून रीतसर सोडवून घ्या. डिस्क पुसल्यावर परवाना मोकळा करून घेणं म्हणजे ईमेल पाठवत बसणं.

टाकण्याची प्रक्रिया पुढे पुढे करत जाण्याची आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त डिस्क निवडायच्या पानावर थांबा, तिचा आकार आणि नाव दोनदा वाचा, मग पुढे जा. चालू गाण्यांचं काम लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी४ डिस्कवर ठेवा. विंडोज आणि मॅकवाल्यांशी देवाणघेवाणीसाठी एक्सफॅटची एक बाहेरची डिस्क ठेवा.

आवाजाची मांडणी

विंडोजवर आपल्याला एएसआयओ, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीचा वेगवान ड्रायव्हर, माहीत असतं. लिनक्सवर तळाला अल्सा असतं, ते कार्डाशी बोलतं. त्यावर पूर्वी दोन वेगळे थर असायचे, रोजच्या आवाजासाठी पल्सऑडिओ आणि स्टुडिओसाठी जॅक, आणि दोघांचं पटायचं नाही. लिनक्सवर आवाज त्रास देतो ही जी ख्याती आहे ती तेव्हाची. आता विम टायमान्स यांनी सुरू केलेलं पाइपवायर दोघांचंही काम करतं; त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. ब्राउझरमधला व्हिडिओ आणि रीपर एकाच कार्डातून एकाच वेळी ऐकू येतात. विंडोजवर एएसआयओ चालू केल्यावर बाकीचे आवाज गप्प व्हायचे, ते ज्यांनी सोसलंय त्यांना याची किंमत कळेल.

चार किंवा आठ इनपुटचं कार्ड असेल आणि सॉफ्टवेअरला दोनच दिसत असतील तर घाबरू नका. आवाजाच्या सेटिंगमध्ये कार्डाचं प्रोफाइल 'प्रो ऑडिओ' करा, सगळी दारं उघडतात. रीपरमध्ये ऑडिओ सिस्टिम जॅक निवडा, तो पाइपवायरमधूनच जातो. सॅम्पल रेट सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा.

मग बफर. हा आकडा समजून घेतला की अर्धं काम झालं. संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, वाटी भरली की उचलतो. १२८ सॅम्पलची (आवाजाच्या नमुन्यांची) वाटी ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंदांत भरते, २५६ ची ५.३ मध्ये. आवाज आत येताना एक वाटी, बाहेर जाताना एक, आणि कार्डाचं स्वतःचं थोडं. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे २५६ च्या बफरवर हेडफोनमध्ये स्वतःला ऐकणारा माणूस जणू स्वतःपासून साडेतीन-चार मीटर लांब बसलाय. १२८ वर तो दोन मीटरवर येतो, मैफिलीत तबलजी आणि गायक बसतात साधारण तेवढा.

माझ्याकडे येणाऱ्या तबलावाल्या काकांनी पहिल्या दिवशी दोन आवर्तनं वाजवली आणि हात थांबवला. "अरे, माझा हात मला मागून ऐकू येतोय. समेला पोचतो तोवर सम निघून गेलेली असते." तेव्हा बफर ५१२ होता. १२८ वर आणला आणि त्यांनी काही न बोलता कायदा सुरू केला. गायकांना सहसा एवढं जाणवत नाही, पण तालवाद्यवाल्यांना नक्की जाणवतं. कार्डावर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर रेकॉर्ड करताना तेच वापरा, त्यात आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो. मिक्स करताना मात्र बफर ५१२ किंवा १०२४ करून टाका, तेव्हा उशिराची काही फिकीर नसते आणि संगणकाला दमायला होत नाही.

वाटी वेळेत भरली नाही की चर्रर्र असा आवाज येतो, त्याला लिनक्सवाले एक्सरन म्हणतात. तो आला तर या क्रमाने बघा: कार्ड यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा, प्रोसेसरची वीजबचत बंद करून तो 'परफॉर्मन्स'वर ठेवा, रेकॉर्ड करताना वायफाय बंद करा, तुमचा वापरकर्ता 'ऑडिओ' या गटात आहे का ते तपासा, कारण त्या गटाला आवाजाच्या कामात प्राधान्य मिळतं. लिनक्सच्या गाभ्यात वेळेची ही काटेकोर शिस्त यावी म्हणून काही माणसं जवळपास वीस वर्षं खपली, आणि त्यांचं काम नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ कर्नलमध्ये मूळ शाखेत सामील झालं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

अजून एक मोजणी कराच. कार्डाच्या आउटपुटमधून एक केबल त्याच्याच इनपुटमध्ये लावा, पण आधी स्पीकर बंद करा आणि सॉफ्टवेअरमधलं इनपुट मॉनिटरिंगही बंद करा, नाहीतर आवाज गोल फिरून शिट्टी वाजेल. एक क्लिक वाजवा आणि ती रेकॉर्ड करा. दोन्ही क्लिक पडद्यावर मोठ्या करून बघा. रेकॉर्ड झालेली क्लिक समजा २४० सॅम्पल उशिरा पडली, तर ते ४८ किलोहर्ट्झला बरोबर ५ मिलिसेकंद झाले. लिनक्सच्या साध्या यूएसबी ड्रायव्हरला कार्डाच्या आतला उशीर माहीत नसतो, म्हणून तो तुम्ही सांगायचा. रीपरच्या रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये ऑफसेटची जागा आहे, तिथे आकडा टाका आणि पुन्हा मोजा. फरक दुप्पट झाला तर उणे चिन्ह लावा. आर्डरमध्ये हेच मोजून देणारी सोय आतच आहे. हे केलं नाही तर चारपाच थर चढवल्यावर गाणं सैल वाटतं आणि दोष बिचाऱ्या वादकावर जातो. बफर बदलला की मोजणी पुन्हा करा.

सॉफ्टवेअर आणि प्लगइन

रीपर तुम्ही विंडोजवर वापरत असाल तर भाग्यवान आहात. त्याची लिनक्स आवृत्ती अधिकृत आहे, तोच परवाना चालतो, तोच प्रोजेक्ट उघडतो. नव्याने घेणार असाल तर साठ दिवस वापरून बघता येतं आणि घरगुती परवाना ६० डॉलरचा आहे. बिटविग आणि वेव्हफॉर्मही लिनक्सवर आहेत. पॉल डेव्हिस यांनी आर्डर सुरू केलं, जॅकसुद्धा त्यांचंच. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगसाठी ते पुरेपूर आहे. पण एका वेळी एकच बदल करावा असं मला मनापासून वाटतं: कार्यप्रणाली बदलताय तर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर शक्यतो तेच ठेवा.

वहीतल्या प्लगइनसमोर आता खुणा करा. काहींची थेट लिनक्स आवृत्ती मिळेल: यू-ही, पियानोटेक, व्हायटल, डिसेंट सॅम्पलर. काहींना मोफत पर्याय आहेत. ईक्यू-कॉम्प्रेसरसाठी एलएसपी आणि एक्स४२, रिव्हर्बसाठी ड्रॅगनफ्लाय, गिटारसाठी गिटारिक्स. सिंथसाठी सर्ज एक्सटी घ्या. त्यात स्वरांची जुळणी आपल्या मनाप्रमाणे देता येते, त्यामुळे पेटीच्या समान अंतराच्या स्वरांपेक्षा तानपुऱ्याशी मिळणारा गंधार लावता येतो. रीपरची स्वतःची प्लगइनही सोबत येतातच.

जी फक्त विंडोजची आहेत त्यांच्यासाठी वाईन आणि याब्रिज ही जोडी. वाईन विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवतं, आणि रॉबर्ट फान डर हेल्म यांनी लिहिलेलं याब्रिज ती प्लगइन तुमच्या सॉफ्टवेअरला घरच्यासारखी दाखवतं. बरीच चालतात, काही हटून बसतात. दोघांच्या आवृत्त्या एकमेकींना जुळाव्या लागतात, तेव्हा एकदा जमलं की वाईनचं अपडेट विचार करूनच करा. माझ्या एकोणिसांपैकी सात थेट मिळाली, पाच याब्रिजमधून चालली, सहांना पर्याय सापडला. एकाला नाही. त्या एकासाठी मी ओले स्टेम वापरतो.

पहिलं गाणं

जुनी गाणी उघडून बघायचा मोह होतो. तो आवरा आणि एक नवं, छोटं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिनक्सवरच करा: तानपुरा, पेटी, तबला, आवाज, मिक्स, अंतिम फाइल. घरच्या कुणाला तरी गायला बसवा, गिऱ्हाईक नको. अडेल तिथे वहीत लिहा आणि त्या संध्याकाळी सोडवा. मला या पहिल्या गाण्याला नऊ दिवस लागले, दुसऱ्याला दोन.

त्यानंतर बांधलेल्या गाण्यांपैकी एक उघडा, सगळ्यात अवघड असेल ते, आणि जुन्या मिक्सशी हेडफोनवर ताडून बघा. जुळलं की टाइमशिफ्टने सिस्टिमची एक प्रत काढून ठेवा, म्हणजे एखाद्या अपडेटने घडी विस्कटली तर त्या दिवसाला परत जाता येईल. गाण्यांची प्रत टाइमशिफ्ट ठेवत नाही, ती तुमची तुम्हीच ठेवायची.

जुनी विंडोजची डिस्क निदान सहा महिने पुसू नका. तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा, कोरड्या डब्यात ठेवा, आणि एसएसडी असेल तर दोन-तीन महिन्यांनी एकदा संगणकाला लावा, कारण विजेशिवाय वर्षानुवर्षं पडून राहण्यासाठी ती बनलेली नसते. माझी अजून कपाटात आहे. आजींच्या ओव्यांची मूळ प्रत तिच्यावर आहे, शिवाय दोन डिस्कांवर, आणि एक त्यांच्या नातीकडे.